आवणीआधीचे सेकंद

सकाळचे साडेसात वाजलेत. हरसूलच्या कडेला असलेल्या एका पाड्यावर, शाळेच्या दारात मी उभी आहे. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात शंभर पानी वही. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे. वर्गातली बाकं भिंतीला सारलीत, मधे सतरंजी अंथरलीय, मास्तरांची दोन टेबलं एकमेकांना लावून त्यांवर गोधडी घातलीय. दाराला जुन्या पातळाचा पडदा आहे. आत फक्त बायका. पुरुषांची पाळी दुपारून.

बाहेर रोहिणी सरत आल्यात. समोरच्या उतारावर राब भाजून झालाय. काळ्या राखेचे तुकडे डोंगराला ठिगळं लावल्यासारखे दिसतात. पश्चिमेला, गुजरातच्या अंगाला, आभाळ गढुळलंय. थोड्याच दिवसांत मृग लागेल. राखेत भात आणि नागली पेरली जाईल, तीन-चार आठवड्यांत रोपं हाताला येतील आणि आवणी सुरू होईल. पोटऱ्यांपर्यंत चिखल, वरून पाऊस, पाठीवर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत कमरेत वाकलेली बाई. हरसूलच्या पट्ट्यात भाताची रोपं बहुतेक अशी वाकूनच लावली जातात.

आवणी संपली की काय होतं, ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाची कंबर धरते, कुणाला उसण भरते, कुणाची पाठ रात्री अंथरुणाला टेकू देत नाही. मग लेप, शेक, गोळी. एखाद्या पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेणं. हे सारं दुखणं आल्यानंतरचं. आज इथं त्याच्या आधीचं काम चाललंय. दुखायला लागण्याआधी पाठीला विचारायचं, की बाई, तू किती वेळ टिकशील?

विचारणारी एक तरुण फिजिओथेरपिस्ट आहे. नाशिकहून पहाटेच निघून गिरणारे, वाघेरा करत ती आलीय. सोबत फार काही नाही. एक घड्याळ, खडू, सुताराकडून साठ अंशांत बसवून घेतलेली एक तिरकी फळी, आणि मी. माझं काम सेकंद मोजायचं आणि लिहायचं. बायका तिला ताई म्हणतात, ती त्यांना मावशी, वहिनी, आजी. आशाताईंनी काल घरोघर सांगून ठेवलंय, म्हणून सतरंजीवर दहा-बारा जणी बसल्यात. अंगावर नेसूचं लुगडं, खांद्यावरून घेतलेली फडकी. आपसात त्या त्यांच्या बोलीत बोलतात, हसतात. आमच्याकडं वळल्या की मराठीत येतात.

ताई आधी प्रश्न विचारते. कुणाला दिवस गेलेत का? ऑपरेशन झालंय का? छातीत दुखतं का, बीपीची गोळी चालू आहे का? पाठ आत्ता, या क्षणी दुखतेय का? दुखणं पायात उतरतं का? पायाला मुंग्या, बधिरपणा? लघवीवरचा ताबा? एक मावशी हळूच सांगते, की गेल्या महिन्यापासून डाव्या पायातली चप्पल कधी निसटते ते कळत नाही. ताई तिला तिथंच थांबवते. बोटानं पाऊल चाचपते, अंगठा वर उचलायला सांगते. अंगठा पुरता उचलत नाही.

“मावशी, तुमची आज चाचणी नाही. तुम्ही आजच ग्रामीण रुग्णालयात जायचं. आशाताई येतील बरोबर.”

“आवणी झाल्यावर जाईन की.”

“आवणीच्या आधी. पायातला जोर जातोय म्हणजे नस दबलेली असू शकते. त्याला थांबवून ठेवायचं नसतं.”

मी वहीत तिच्या नावापुढं आकडा लिहीत नाही. रुग्णालय असं लिहिते आणि त्याखाली रेघ ओढते. कुणाला मोजायचं नाही, हे आधी कळलं पाहिजे.

पहिली वहिनी टेबलावर चढते. वय तिशीच्या आतबाहेर. पालथी झोपते. कमरेची पुढची दोन्ही हाडं टेबलाच्या कडेवर येतील अशी ताई तिला सरकवते. कमरेपासून वरचं सगळं अंग टेबलाबाहेर. समोर खुर्ची ठेवलीय, तिच्यावर वहिनीनं हात टेकलेत. आता पाय बांधायचे. ताई पट्टा काढते, पण वहिनी नको म्हणते. ती स्वतःची फडकी खांद्यावरून ओढून काढते आणि पुढं करते. पोटऱ्यांवरून, टेबलाखालून दोन वेढे. गाठ मारते दुसरी एक मावशी, मोळी बांधताना मारतात तशी. ती ढिली होणार नाही.

“हात छातीशी घ्या. अंग जमिनीला सरळ रेषेत. श्वास कोंडायचा नाही, मोठ्यानं आकडे म्हणा.”

वहिनी खुर्ची सोडते. मी घड्याळ दाबते.

पहिले वीस सेकंद काहीच घडत नाही. ती हसतेय. बाकीच्या तिच्याबरोबर आकडे म्हणतायत, पडद्याबाहेर जमलेली पोरंही म्हणतायत. चाळीसला हसू थांबतं. साठला तिच्या पाठीच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे स्पष्ट दिसायला लागतात, मणक्यांच्या मधल्या पन्हाळीच्या दोन काठांसारखे. ऐंशीला त्या काठांवर बारीक थरथर येते. मी इतक्या जवळ उभी आहे की ती थरथर पोलक्याच्या कापडावरून सरकताना दिसते, आधी उजवीकडं, मग डावीकडं. कानामागून घामाचा एक थेंब निघतो, गालावरून हनुवटीला येतो आणि गोधडीवर न पडता खाली खुर्चीवर पडतो.

ही चाचणी डेन्मार्कच्या फिन बिअरिंग-सोरेन्सन या डॉक्टरांच्या नावानं ओळखली जाते. १९८४ साली त्यांनी नऊशेहून अधिक सर्वसाधारण माणसांची पाठ अशी मोजली आणि वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्या पुरुषांची पाठ अधिक वेळ टिकली, त्यांना पहिल्यांदाच कंबरदुखी होण्याचं प्रमाण कमी आढळलं. तिथं वरची मर्यादा २४० सेकंदांची होती. टेबल, पट्टा आणि घड्याळ एवढंच सामान तेव्हाही लागलं होतं. हरसूलच्या शाळेत पट्ट्याच्या जागी फडकी आहे, एवढाच फरक.

“एकशे बावीस, एकशे तेवीस...” वहिनीचा खांदा खाली येतो. ताई म्हणते, “बस.” मी घड्याळ थांबवते. १२४ सेकंद. दोन मिनिटं आणि चार सेकंद. बायका टाळ्या वाजवतात. वहिनी खुर्चीवर हात टेकून धापा टाकतेय आणि चेहरा लाल झालाय, पण डोळ्यांत आनंद आहे.

पुढची चाचणी पोटाची. सतरंजीवर गुडघे मोडून बसायचं, पाठ त्या साठ अंशांच्या फळीला टेकायची, हात छातीवर. पावलं मी धरून ठेवलीत. ताई फळी चारेक बोटं मागं ओढते. आता पाठीला आधार नाही. ज्या तिरक्या रेषेत अंग होतं त्याच रेषेत ते धरून ठेवायचं.

माझ्या तळहातांना वहिनीच्या घोट्यांतला ताण कळतो. वीस. तीस. पस्तीसला तिचं सगळं अंग हलायला लागतं. एक्केचाळीसला ती मागं फळीवर टेकते आणि बुचकळ्यात पडून माझ्याकडं बघते. पाठ दोन मिनिटं टिकली, मग पोट का नाही टिकलं?

ताई तिला आडवं व्हायला सांगते. बेंबीच्या वर दोन बोटं ठेवते, डोकं जरा उचलायला लावते. “पोरं किती, वहिनी?” तीन. “शेवटचं बाळंतपण?” दोन वर्षं झाली. बोटं मधल्या फटीत उतरतात. पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात बाजूला सरलेले, ते अजून पुरते जवळ आलेले नाहीत. कुणी तिला तसं सांगितलंही नव्हतं. बाळंतपणानंतर सव्वा महिना झाला, की बाई पाण्याला जाते, सरपणाला जाते. पोट आतून पुन्हा बांधलं गेलंय का, हे कुणी बघत नाही. मी ४१ लिहिते. पाठीच्या मानानं पोट तिसऱ्या हिश्शाएवढं.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी १९९९ साली निरोगी तरुण मुलामुलींचे असेच सेकंद मोजले होते. पाठीच्या चाचणीत मुलांची सरासरी १४६ आणि मुलींची १८९ आली. मुली जास्त टिकल्या. पोटाच्या चाचणीत दोघं जवळजवळ बरोबरीनं, दीडशेच्या आसपास. पण ताई हे आकडे वहिनीच्या आकड्याशेजारी ठेवत नाही. “ती कॉलेजातली पोरं होती,” ती मला सांगते. “इथं मला यांची तुलना यांच्याशीच करायचीय. पाठ पोटाशी कशी आहे, उजवी कूस डावीशी कशी आहे, आणि आजचा आकडा दोन महिन्यांनंतर कुठं जातो.”

मग ती पडदा सारून बाहेर बोट दाखवते. समोरच्या अंगणात लग्नाचा मांडव अजून उभा आहे. मधल्या मेढीला चारी बाजूंनी दोर ताणून खुंट्यांना बांधलेत.

“मावशी, ती मेढ कशानं उभी आहे?”

“दोरांनी.”

“एक दोर एकदम घट्ट आणि समोरचा ढिला असला तर?”

“वारा आला का वाकंल.”

“कणा म्हणजे ती मेढ. पाठ, पोट आणि दोन कुशी हे चार दोर. वारा म्हणजे हंडा, मोळी, पोतं. मेढ कितीही जाड असली तरी दोरांचा ताण सारखा पाहिजे.”

बायका मांडवाकडं बघतात. एक जण उठून बाहेर जाते, दोराला हात लावून बघते, परत येऊन बसते. मला तो क्षण फार मोलाचा वाटतो. तिला काय मोजतोय ते कळलंय.

आता कुशींची पाळी. एका कुशीवर व्हायचं, कोपर खांद्याच्या बरोबर खाली, वरचं पाऊल पुढं आणि खालचं मागं. मग कंबर जमिनीवरून उचलायची. अंगाची सरळ रेघ, टेकू फक्त कोपर आणि पावलांचा. ही चाचणी दिसायला सोपी, पण सगळ्यात आधी हीच माणसाला खाली आणते. बहुतेक जणींची एक कूस दुसरीपेक्षा लवकर सुटते, आणि ती कुठली ते विचारायचीही गरज पडत नाही. पोर कुठल्या कडेवर असतं, कळशी कुठल्या कमरेवर, ते या बायकांच्या चालण्यात लिहिलेलं आहे. मॅकगिल यांचा हिशेब असा, की दोन्ही कुशींच्या वेळात साधारण शेकडा पाचापेक्षा जास्त फरक असू नये. माझ्या वहीत सकाळभरात त्या मर्यादेत बसणारा एकच आकडा येतो. बाकी सगळ्यांच्या पुढं मी बाण काढते, डावा किंवा उजवा.

दहा वाजतात. ऊन पत्र्यावर चढलंय. कोपऱ्यात केव्हाची बसलेली आजी उठते. सत्तरीची असेल, कातडी सुकलेल्या आंब्याच्या फोडीसारखी, पण उठताना तिनं जमिनीला हात लावला नाही. “माझं पण मोज,” ती ताईला म्हणते. ताई तिला टेबलावर चढवत नाही. तिच्यासाठी तोलाची चाचणी.

भिंतीपासून हातभर अंतरावर आजी उभी राहते. दोन्ही बाजूंना दोन सुना, हात न लावता, पण लावता येईल इतक्या जवळ. हात छातीवर, एक पाय उचलायचा. पाय टेकला, हात सुटले किंवा उभं पाऊल सरकलं की वेळ संपली. तीन वेळा करायचं, सगळ्यात चांगली वेळ धरायची. आजी डोळे उघडे ठेवून सत्तावीस सेकंद उभी राहते. तिच्या पावलाची बोटं मातीला धरल्यासारखी फरशीला धरतात; करंगळीजवळची शीर उठते, बसते, उठते. सारा तोल त्या चार बोटं रुंद जागेत सांभाळला जातोय.

“आता डोळे मिटून, आजी.”

आजी डोळे मिटते, पाय उचलते, आणि तिसऱ्या सेकंदाला सुनेचा दंड धरते. पुन्हा. चार सेकंद. पुन्हा. तीन.

आजी थोडी रागावलीय. “डोळे मिटून नदी कोण ओलांडतं, पोरी?”

“आजी, हंडा डोक्यावर असला की पायांकडं बघता येतं का?”

आजी गप्प होते. “नाही येत.”

“मग पाय कुठं पडला, दगड हलतोय का, ते कोण सांगतं?”

आजी स्वतःच्या पावलांकडं बघते. बराच वेळ बघते. “पायच सांगतो.”

“तेच मोजतेय मी.”

या बोलण्यावर वर्गात कुणी हसत नाही. नदी ओलांडणं ही इथं सांगायची गोष्ट नाही, करायची गोष्ट आहे. याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातला शेंद्रीपाडा. तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या तिथल्या बायकांची छायाचित्रं २०२२च्या सुरुवातीला साऱ्या महाराष्ट्रानं पाहिली. तिथं लोखंडी पूल बसवला गेला, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो पुरानं नेला. त्या छायाचित्रांत मला भीती दिसली होती आणि सरकारची उणीव दिसली होती. आज आजीच्या पावलाकडं बघताना आणखी एक गोष्ट दिसते. त्या बल्लीवर प्रत्येक पावलाला पोट, पाठ आणि कुशी किती बारीक हिशेब करत असतील! पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पाण्याचंच पंधरा किलो वजन, आणि ते डोक्याच्या टोकावर. पाऊल बोटभर चुकलं तर कणा सावरायला डोळा मिटायच्या आत स्नायू जागे व्हावे लागतात.

ते जागे होतात हे मोजलेलंही आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली दाखवलं, की निरोगी माणूस नुसता हात उचलतो तेव्हाही पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू हात हलण्याआधीच आवळला जातो. ज्यांना वारंवार कंबरदुखी होते, त्यांच्यात तो उशिरा जागा होतो. पूल चांगला हवाच, पाणी दारात हवंच. त्या मागणीची जागा कुठलाही व्यायाम घेऊ शकत नाही. पण पूल येईपर्यंतही ही पाठ रोज चालतेय. तिची काळजी घ्यायला कुणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही.

दुपारी पुरुष येतात. बाहेर पडवीत, वारा लागतो तिथं टेबलं आणलीत. त्यांत एक पंचविशीतला गडी आहे, छाती रुंद, दंड भरलेले. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभा राहतो, मिळेल त्या मळ्यात टोमॅटो खुडणं, क्रेट वाहणं. भरलेलं क्रेट वीसेक किलोचं. तो दोन एकदम उचलतो, असं त्याचे मित्र सांगतात. गेल्या हंगामात त्याला उसण भरली होती. आठ दिवस घरी बसला, मजुरी बुडाली. आता काही दुखत नाही, असं तो ठामपणे सांगतो.

पाठीची चाचणी. मला वाटतं हा तीन मिनिटं काढेल. पन्नासाला त्याची मांडी थरथरते. अडुसष्टला तो खाली येतो. स्वतःच उठून पुन्हा करायला बघतो, पण ताई नाही म्हणते. दमलेल्या पाठीचं मोजमाप खोटं येतं. पोट ११२. उजवी कूस ७१, डावी ४९.

पडवीत शांतता आहे. सकाळी एका बाईची पाठ १२४ सेकंद टिकली, हे त्याच्या कानावर आलेलं असणार.

ताई जमिनीवर खडूनं आकडे मांडते. त्याला लाज वाटेल असं काही ती बोलत नाही. “भाऊ, तुझ्यात ताकद भरपूर आहे. ताकद म्हणजे एकदा किती उचलतोस. दम म्हणजे शंभराव्या वेळेला कसा उचलतोस. पोट पाठीपेक्षा जास्त टिकू नये, तुझं दीडपटीहून जास्त टिकतंय. पाठ मागं पडलीय. क्रेट कुठल्या बाजूनं पिकअपमध्ये चढवतोस?”

तो उभा राहतो आणि दाखवतो. समोरून उचल, उजवीकडून वळ, टाक. दहा वेळा केलं तर दहा वेळा तसंच.

“उसण गेली, पण पाठीनं तेव्हा जे सोडलं ते परत धरलेलं नाही,” ताई म्हणते. मॅकगिल यांनाही कामगारांमध्ये हेच आढळलं होतं. ज्यांना पूर्वी कामावरून घरी बसवण्याइतकी कंबरदुखी झाली होती, त्यांची दुखणी थांबल्यावरही या सेकंदांचा समतोल बिघडलेलाच होता. दुखणं थांबलं म्हणजे पाठ बरी झाली, असं आपण धरून चालतो. ते धरून चालणं किती महाग पडतं, ते या पडवीत खडूनं लिहिलेलं आहे.

“मग पट्टा घेऊ का कमरेचा? बाजारात मिळतो.”

ताई मान हलवते. २०१६ साली एकवीस अभ्यास आणि तीस हजारांहून अधिक माणसं एकत्र धरून झालेल्या पाहणीत कमरेच्या पट्ट्यानं दुखणं टळल्याचं दिसलं नाही. व्यायाम आणि त्याच्या जोडीला नीट माहिती, यानं मात्र कंबरदुखी उमटण्याचा धोका जवळजवळ शेकडा पंचेचाळीसानं घटला. ती हेही सांगते, की सेकंद म्हणजे भविष्य नाही. चांगले सेकंद असलेल्या माणसाचीही पाठ दुखू शकते. झोप, काळजी, कामाचं ओझं, सगळं त्यात येतं. पण ढिला दोर कुठला ते कळलं, तर निदान तो ओढता येतो.

आणि ओढायचा कसा, ते ती सगळ्यांना, आता बायकांनाही बाहेर बोलावून, एकदम शिकवते. तीनच गोष्टी. पहिली, उताणं पडून एक गुडघा मोडायचा, हात कमरेखाली, आणि डोकं-खांदे जमिनीवरून नुसते सुटतील इतकेच उचलायचे. दुसरी, कुशीवर, ज्याला पुरी जमत नाही त्यानं गुडघ्यांवर टेकून. तिसरी, जनावरासारखं चार पायांवर होऊन उजवा हात पुढं आणि डावा पाय मागं, मग उलट. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा. दमून कोसळेपर्यंत धरायचं नाही. ढिली कूस असेल तिला दोनदा जास्त. वहिनीला पहिल्यात डोकं न उचलता नुसतं पोट आत घेऊन सुरुवात. आजीला चूल पेटेपर्यंत भिंतीशी एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे, मग मिटून, एक बोट भिंतीला.

मग ती आवणीवर येते, आणि इथं सगळे पुढं सरकून बसतात. माणूस कमरेतून पुरता वाकून राहिला, की पाठीचे स्नायू काम सोडून देतात. ते गप्प होतात आणि सारा भार मणक्यांमधल्या बंधांवर नि चकत्यांवर जातो. वीस मिनिटं असं वाकून राहिल्यावर ते बंध ताणून ढिले पडतात, आणि उभं राहिल्यावर दोन मिनिटांनीही निम्मेच परत येतात. बाई नेमकी याच घडीला चूक करते. वाफा संपतो, ती उठते आणि तशीच जाऊन रोपांचं ओझं नाहीतर हंडा उचलते.

“उठलात की लगेच उचलायचं नाही,” ताई दाखवते. “कमरेवर हात, जरा मागं झुका. पाच श्वास घ्या. दोन-तीन मिनिटं उभ्याचं काम करा, मुठी मोकळ्या करा, बांधावर चाला. लावताना एक कोपर मांडीवर टेका, हात बदलत राहा. गुडघे आणि खुबा मोडा, कंबर नाही. आणि पहाटे उठल्या उठल्या तासभर खाली वाकून जड उचलू नका. रात्री चकत्यांत पाणी भरतं, त्या फुगलेल्या असतात, तेव्हा त्यांना जपायचं.”

“पहाटेच तर पाणी भरतो,” एक मावशी म्हणते.

ताई क्षणभर थांबते. “मग आधी दहा मिनिटं चाला. वाटेवर रिकामा हंडा घेऊन चालताच की. भरताना बसून भरा, आणि दोघींनी मिळून डोक्यावर चढवा.” हे उत्तर त्या मावशीच्या पहाटेत बसतं. मावशी मान डोलावते.

पोरं अंगणात शर्यत लावून धावतायत, या दारापासून त्या मांडवापर्यंत, अनवाणी. इथल्या पोरांना धावण्यासाठी दूरचं उदाहरण लागत नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य घेऊन आली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि पुढं रिओला मॅरेथॉन धावली. दहा हजार मीटर म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. शेवटच्या फेऱ्यांत पाय चालतात ते वरचं धड ताठ राहतं म्हणून. या डोंगरांत दम आहे, हे तिनं जगाला दाखवलं. तोच दम आवणीतल्या बाईच्या पाठीत आहे. तिचे सेकंद मात्र कुणी मोजले नव्हते.

जगात २०२० साली एकसष्ट कोटींहून जास्त माणसं कंबरदुखीनं त्रासलेली होती, असा जागतिक अंदाज आहे. कामात आणि जगण्यात अडवणारं एवढं मोठं दुसरं दुखणं नाही. तो आकडा इतका मोठा आहे, की त्यातून कुणाचा चेहरा दिसत नाही. माझ्या वहीत एकोणीस नावं आहेत. ज्यांच्या सगळ्या चाचण्या झाल्या, त्यांच्यापुढं पाच आकडे: पाठ, पोट, उजवी कूस, डावी कूस, तोल. त्यांच्यापुढं मी पट्टीनं आणखी पाच रकाने आखते आणि वर लिहिते, आवणीनंतर. ते आज कोरे आहेत. ताई ऑगस्टात परत येणार आहे.

चार वाजता आम्ही निघतो. विहीर वाटेवरच आहे. पाणी तळाला गेलंय, पोहरा खाली आपटल्याचा आवाज येतो. सकाळची वहिनी तिथं आहे, फडकी परत खांद्यावर. ती वाकून वाकून पोहरे ओतते, हंडा काठोकाठ भरतो. तिनं आम्हाला पाहिलेलं नाही. ती उठते, हात हंड्याच्या काठाकडं जातात, आणि थांबतात. दोन्ही तळवे कमरेवर ठेवून ती किंचित मागं झुकते. मी नकळत मोजायला लागते. शेजारची बाई काहीतरी विचारते. वहिनी तिला उत्तर देत नाही, ओठ हलतायत, तीही मोजतेय. मग जराशी चालून येते, त्या बाईला हाक मारते, आणि दोघी मिळून हंडा उचलतात.